गाणं कुणाच्या तोंडचं?

रॅप हा शब्द आमच्या जुन्या हुबळीतल्या घरांत आता नवा राहिलेला नाही. मुलं कानात बोळे घालून ऐकतात, काही जण स्वतःही लिहितात, मोबाईलवर रेकॉर्ड करतात. आणि आम्ही बायका दुपारी एकत्र बसलो की त्यावर आमचे निकाल ठरलेले असतात. "हे काय गाणं आहे? नुसती बडबड." "असली गाणी म्हणणारी मुलं व्यसनी असतात." "चांगल्या घरची मुलं या नादाला लागत नाहीत." मुलगी असेल तर एक वाक्य जास्त: "हिला उद्या कोण करून घेणार?"

ही वाक्यं मी इतक्या वेळा ऐकली आहेत की ती मला कुठेतरी आधी वाचल्यासारखी वाटू लागली. मी इतिहासाची विद्यार्थिनी. बी.ए.ला जे वाचलं त्यातलं बरंचसं फोडणीच्या धुरात गेलं, पण सवय राहिली. कुठलीही गोष्ट "आजकाल" होते असं कुणी म्हटलं की मागे जाऊन बघायचं. या वाक्यांचा माग काढायला मला न्यूयॉर्कला जावं लागलं नाही. हुबळीहून कुंदगोळच्या गाडीत बसले तरी पुरलं.

गंगूबाई हनगल यांचा आज आपल्याला अभिमान आहे. देशपांडेनगरातलं त्यांचं घर आता संग्रहालय आहे. म्हैसूरच्या संगीत विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. १९७१ साली पद्मभूषण, २००२ साली पद्मविभूषण. २१ जुलै २००९ रोजी त्या हुबळीत वारल्या तेव्हा सगळं गाव हळहळलं. पण हा मान मिळण्याआधी याच भागातल्या लोकांनी त्यांना काय म्हटलं, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे.

त्यांचा जन्म ५ मार्च १९१३ चा, धारवाडचा. आई अंबाबाई कर्नाटक संगीत उत्तम गायच्या. गाणाऱ्या बायकांचं घराणं, म्हणजे समाजाच्या हिशेबात खालचं. धारवाडच्या शुक्रवारपेठेत राहायचं, अवतीभवती ब्राह्मणवस्ती. ही मुलगी रस्त्यानं निघाली की लोक "गाणेवाली आली" म्हणून हिणवायचे. लहानपणी एकदा शेजारच्या बागेतले आंबे तोडले म्हणून ती पकडली गेली. मालक संतापला. चोरीचा राग एक वेळ समजू शकतो. पण त्याला जास्त लागलं ते हे, की गाणारणीच्या मुलीचा पाय आपल्या बागेत पडला. पुढे नाव झाल्यावर त्याच लोकांनी त्यांना घरी जेवायला बोलावलं. गंगूबाई हे हसत सांगायच्या म्हणे. मला मात्र ते वाचून हसू येत नाही.

१९२४ च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन झालं, अध्यक्ष महात्मा गांधी. स्वागतगीत म्हणणाऱ्या मुलींमध्ये अकरा वर्षांची गंगू होती. गांधीजींसमोर गायचं म्हणजे केवढा आनंद! पण त्या पोरीच्या मनात धास्ती वेगळीच होती. आपली जात कळली तर जेवणं झाल्यावर खरकटं काढायला तर सांगणार नाहीत ना? गाण्यासाठी निवडलेल्या मुलीला ही भीती वाटावी, यातच त्या काळच्या समाजाचं चित्र आलं. गाणं हवं होतं, गाणारी नको होती.

मुलीला हिंदुस्थानी संगीत नीट शिकता यावं म्हणून १९२८ साली आई तिला घेऊन हुबळीला आली. आणि विचार करा, अंबाबाई स्वतः कर्नाटक पद्धतीच्या. मुलीच्या गळ्यावर दुसऱ्या पद्धतीचे संस्कार व्हायचे तर आपली छाप पडायला नको, म्हणून त्यांनी स्वतःचं गाणं आवरतं घेतलं. आईपणाच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो, ही गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. कारण ही "तसल्या" घरातली आई.

पुढे १९३८ च्या सुमारास सवाई गंधर्व नाटक कंपनी सोडून कायमचे आपल्या गावी परतले आणि गंगूबाईंची खरी तालीम सुरू झाली. कुंदगोळ हुबळीपासून वीसेक किलोमीटर. दुपारच्या गाडीनं जायचं, तालीम घ्यायची, रात्रीच्या गाडीनं परतायचं. लग्न झालेलं, मुलंबाळं झालेली. एकटी बाई, अंधार, स्टेशन. लोकांना बोलायला एवढं पुरे होतं.

आता त्याच काळातली, त्याच गुरूच्या घरातली दुसरी गोष्ट बघा. गदगचा एक मुलगा वयाच्या अकराव्या वर्षी, १९३३ साली, गाणं शिकायचं म्हणून घरातून पळून गेला. विनातिकीट गाड्यांतून हिंडला, ग्वाल्हेरपर्यंत गेला, शेवटी कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे राहिला. हे पंडित भीमसेन जोशी. त्यांच्या थोरवीबद्दल मी काय बोलावं? प्रश्न त्यांचा नाही, आपला आहे. मुलगा घरातून पळाला त्याची आपण दंतकथा केली, शाळेतल्या मुलांना सांगितली. मुलगी रोज तिकीट काढून जात-येत होती, तिची कुजबुज झाली. दोघं गुरुबंधू-भगिनी. राग तेच, गुरू तोच, रेल्वेही तीच.

आणि गुरू कोण? रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व. त्यांचं नाव गाजलं ते संगीत नाटकांतून, आणि त्यातही स्त्रीभूमिकांतून. सुभद्रेचं लुगडं नेसून, दागिने घालून हजारो लोकांसमोर ते गात. त्या काळी तशी रीतच होती आणि त्यात त्यांची विद्या मोठी होती, म्हणून लोकांनी त्यांना "गंधर्व" म्हटलं. ते योग्यच झालं. पण पुरुषानं बाईचा वेष घेऊन रंगमंचावर गायलं तर गंधर्व, आणि बाईनं बाई म्हणूनच, अंगभर पदर घेऊन, बैठकीत गायलं तर गाणेवाली! हा हिशेब माझ्या डोक्यात कधी बसला नाही.

बालगंधर्वांच्या बाबतीत तर हे आणखी उघड दिसतं. नारायणराव राजहंस यांना ते नाव लोकमान्य टिळकांनी दिलं असं आपण सगळे ऐकत आलो. त्यांच्या साड्या, त्यांचा अंबाडा, त्यांचं पदर घेणं यांची नक्कल चांगल्या घरातल्या बायका करत. आमच्याच भागातल्या, विजापूरकडच्या बीळगीच्या गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या आयुष्यात आणि कंपनीत आल्या. त्यानंतर कंपनीची उतरती कळा, कर्ज, माणसं सोडून जाणं या सगळ्यांचं खापर गोहरबाईंवर फुटलं. खरं तर बोलपट आले होते, संगीत नाटकांचा प्रेक्षक तिकडे वळला होता, बालगंधर्वांचा सढळ हात तर आधीपासूनचा. पण "त्या बाईनं नादाला लावलं" हे वाक्य सोपं होतं. त्यात ती मुसलमान, त्यात गाणारी. पन्नाशीला आलेल्या पुरुषाला कुणी नादाला लावतं, यावर लोकांचा सहज विश्वास बसतो. बालगंधर्व देव राहिले, १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. गोहरबाईंच्या गाण्याबद्दल, त्यांनी आजारी नवऱ्याची केलेली सेवा याबद्दल कितीजण बोलतात?

हे सगळं लोकांच्या जिभेवर होतं तोवर निदान जिभेपुरतं होतं. १९४६ साली ते सरकारी नियमात आलं. हंगामी सरकारात नभोवाणी खातं सरदार पटेलांकडे होतं. ज्यांचं खासगी आयुष्य लोकांत बदनाम आहे अशांना रेडिओवर गाऊ द्यायचं नाही, असा हुकूम निघाला. शब्दांत बाई-पुरुष असा भेद नव्हता. पण बदनाम कोण, हे ठरवायचं कसं? कितीतरी थोर पुरुष गायकांच्या व्यसनांचे आणि बैठकांचे किस्से लोक कौतुकानं सांगत, आजही सांगतात. ते किस्से ठरले कलावंताचा लहरीपणा. हुकूम पडला तो मुख्यतः कोठ्यांवरच्या, कलावंतिणींच्या घराण्यांतल्या बायकांवर, ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ठुमरी-दादरा जिवंत ठेवला होता. नावामागची "बाई" पुसून "देवी" किंवा "बेगम" लावण्याची धडपड त्या काळात वाढली. अख्तरीबाई फैजाबादी लग्नानंतर बेगम अख्तर झाल्या ते आपल्याला ठाऊक आहे. गळा तोच होता.

गंगूबाईंनी यावर नेमकं बोट ठेवलं होतं. गाणारा मुसलमान पुरुष उस्ताद होतो, हिंदू पुरुष पंडित होतो, आणि केसरबाई, मोगूबाईंसारख्या बायका शेवटपर्यंत बाईच राहतात, अशा अर्थाचं त्या बोलल्या होत्या. त्यात तक्रारीचा सूर कमी आणि निरीक्षण जास्त होतं, म्हणून ते जास्त लागतं.

हे फक्त शास्त्रीय गाण्याचं झालं. माझं माहेर सांगलीकडचं, त्यामुळे तमाशा हा शब्द मला ठाऊक आहे तो एक तर शिवी म्हणून, नाहीतर पुरुषांनी रात्री गुपचूप जाऊन बघायची गोष्ट म्हणून. पेशवाईतल्या होनाजीनं लावण्या लिहिल्या, भूपाळीही लिहिली. भूपाळी घराघरांत पहाटे गेली, १९५१ साली त्यावर व्ही. शांताराम यांनी 'अमर भूपाळी' काढला, तो आमच्या घरच्या वडीलधाऱ्यांनीसुद्धा पाहिला. लावणी मात्र फडावर राहिली. कवी एकच. विठाबाई नारायणगावकर यांची हकिकत तर अंगावर काटा आणणारी. पोटात कळा सुरू झाल्या, रंगमंचामागे जाऊन बाळंत झाल्या आणि परत येऊन उभ्या राहिल्या. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला, तरी अखेरचे दिवस हलाखीतच गेले. २००२ साली त्या गेल्या. आज राज्य सरकार त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. माणूस म्हातारं झालं, किंवा गेलं, की आपण त्याला पवित्र करून घेतो. जिवंतपणी, तरुणपणी, त्याला विचारतो, "तू कुठल्या घरातली?"

इतिहास असा दुसऱ्यांच्या अंगणातला वाचायला बरा वाटतो. म्हणून थोडं आपल्या अंगणात येऊ. आमच्या भागात लग्नात "बीगर हाडू" असतात, विहीण-व्याह्यांची थट्टा करणारी कानडी गाणी. मराठी लग्नांतही विहिणीची गाणी होतीच. जुन्या बायकांकडून ती ऐकली असतील तर तुम्हाला माहीत आहे त्यात काय काय असायचं. विहिणीच्या चालण्यापासून तिच्या माहेरापर्यंत सगळं बाहेर काढलं जायचं, तेही यमक जुळवून, तालात, समोरासमोर, आणि समोरच्या बाजूनं उत्तर येईपर्यंत. तालावर बोलायचं, शब्दाला शब्द भिडवायचा आणि समोरच्याला गप्प करायचं. मुलं ज्याला रॅपची जुगलबंदी म्हणतात ती याहून वेगळी काय असते? आपण त्याला परंपरा म्हणतो, कारण ते आपल्या आजीच्या तोंडून आलं.

दुसरं उदाहरण बस्तीतलं. पंचकल्याणक महोत्सवात नीलांजनेचं नृत्य असतं. भगवान आदिनाथांना वैराग्य झालं ते नाचता नाचता आयुष्य संपलेल्या नर्तकीला पाहून, ही कथा आपल्याला पाठ आहे. त्या दिवशी आपल्या मुलींना नटवून आपण नीलांजना करतो, फोटो काढतो, टाळ्या वाजवतो. तीच मुलगी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये नाचली तर स्थळ बघताना ती गोष्ट झाकून ठेवतो. आणि लग्नाच्या आदल्या रात्री संगीताच्या कार्यक्रमात डीजे जी हिंदी-पंजाबी गाणी लावतो, त्यांचे शब्द कधी नीट ऐकले आहेत का? काका, मामा, आत्या, सगळे त्यावर नाचतात. ते चालतं. कारण ते गाणारा आपल्या घरातला नसतो.

आता रॅपकडे येते. ही कला ज्यांनी सुरू केली ते न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातले काळे आणि कॅरिबियन गरीब लोक. ११ ऑगस्ट १९७३ या दिवशी तिथल्या एका इमारतीत डीजे कूल हर्क या तरुणानं बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड्स वाजवल्या, ती या संगीताची जन्मतारीख धरतात. वाद्यं घ्यायला पैसे नाहीत, शिकवायला गुरू नाही, म्हणून जुन्या रेकॉर्डचा ताल आणि स्वतःचं तोंड, एवढंच भांडवल. असल्या लोकांचं गाणं म्हटल्यावर त्यांना काय काय ऐकावं लागलं असेल ते वेगळं सांगायला नको.

यावर १९९६ साली कॅरी फ्राइड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, तो मला फार आवडला. किंग्स्टन ट्रिओ नावाच्या गोऱ्या गायकांचं १९६० सालचं एक लोकगीत त्यांनी घेतलं. त्यात पोलिसाला गोळी घालणाऱ्या माणसाची गोष्ट आहे. ते शब्द त्यांनी लोकांना वाचायला दिले. काहींना सांगितलं, हे रॅप आहे. काहींना सांगितलं, हे ग्रामीण गोऱ्यांचं कंट्री गाणं आहे. काहींना गायकाचा फोटो दाखवला, कुणाला काळ्याचा, कुणाला गोऱ्याचा. शब्दात एका अक्षराचा फरक नाही. तरी ज्यांना रॅप सांगितलं किंवा काळा चेहरा दाखवला, त्यांना ते शब्द जास्त घाणेरडे आणि समाजाला जास्त धोकादायक वाटले. वाचताना मला बागेतले ते आंबे आठवले.

तिथे तर रॅपच्या ओळी खटल्यात पुरावा म्हणून वापरल्या जात. गाण्यात खुनाचं वर्णन आहे, म्हणजे हा खुनी असणार! कादंबरीकाराला असं कुणी विचारत नाही. २०२२ साली कॅलिफोर्निया राज्यानं या प्रकाराला आवर घालणारा कायदा केला. आणि २०१८ साली केंड्रिक लामार या रॅपरला संगीताचं पुलित्झर पारितोषिक मिळालं, जे तोवर शास्त्रीय आणि जॅझ संगीताबाहेर गेलंच नव्हतं. म्हणजे देशपांडेनगरचं संग्रहालय तिथेही उभं राहू लागलं आहे.

आपल्याकडे मुंबईच्या चाळी-झोपडपट्ट्यांतून हे गाणं वर आलं. २०१९ मध्ये 'गली बॉय' चित्रपट आला, आणि ज्या घरांत रॅपला नाकं मुरडत होते त्या घरांनी मल्टिप्लेक्समध्ये तिकीट काढून टाळ्या दिल्या. पडद्यावरचा पोरगा आवडला, गल्लीतला नाही. त्याच वर्षी 'स्वदेशी' या मुंबईच्या गटानं आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासोबत आरेच्या जंगलासाठी 'द वारली रिव्होल्ट' केलं. झाडांसाठी, पाड्यांसाठी गाणारी ही मुलं. अहिंसेच्या गोष्टी करणाऱ्या आपल्या कितीजणींनी ते ऐकलं?

मग एप्रिल २०२३. महाराष्ट्रात राज मुंगसे आणि उमेश खाडे या दोन तरुण रॅपरांवर राजकीय गाण्यांवरून गुन्हे दाखल झाले. मला कुठल्या पक्षाशी देणंघेणं नाही. पण मुंगसेच्या गाण्यातल्या ज्या खोक्यांवर बोट ठेवलं गेलं, त्याच खोक्यांच्या घोषणा २०२२ च्या ऑगस्टमध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर आमदारांनी दिल्या होत्या, आणि साऱ्या महाराष्ट्रानं त्या टीव्हीवर पाहिल्या. आमदारानं म्हटलं ती घोषणा, पोरानं यमकात म्हटलं तो गुन्हा. शाहिरांचा अभिमान सांगणाऱ्या राज्यात हे झालं, याचं मला जास्त वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, रॅपमध्ये घाण नाहीच का? आहे. बाईला वस्तू म्हणणारी, दारू-पैशाची बढाई मारणारी गाणी आहेत, आणि ती मला मुळीच आवडत नाहीत. माझ्या घरात लागली तर मी बंद करते. पण मग लग्नातल्या डीजेचं तसलं गाणंही बंद करायला सांगते. नावडण्याचा हक्क सगळ्यांना आहे. शब्द वाईट असेल तर शब्दाला वाईट म्हणावं. गाणाऱ्याचं घर, रंग, गल्ली, कपडे बघून शब्दाचं वजन बदलू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

वजनाचं आपल्याला कुणी शिकवायला नको. आपण बहुतेक व्यापाऱ्यांच्या घरातल्या. स्वाध्यायात तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय लागतो तेव्हा अचौर्य व्रताचे पाच अतिचार येतात. त्यातला एक हीनाधिकमानोन्मान. घेताना जड माप, देताना हलकं माप. दुकानात दोन मापं ठेवली तर तो व्रताला लागलेला दोष, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. माणसांना जोखताना आपण घरात किती मापं ठेवतो, ते एकदा मोजून बघावं. मुलासाठी एक, मुलीसाठी एक. आपल्यासाठी एक, गल्लीपलीकडच्यांसाठी एक. प्रसिद्ध झालेल्यासाठी एक, अजून धडपडणाऱ्यासाठी एक.

आमच्या भागात हल्ली एक कॉलेजातली मुलगी कानडी-मराठी मिसळून रॅप लिहिते. बसच्या गर्दीतल्या धक्क्यांवर लिहिते, हुंड्यावर लिहिते. तिचं नाव निघालं की आमच्या बैठकीत एक शांतता पसरते, आणि मग कुणीतरी विचारतंच, "कुणाची ग ती?" तिनं काय लिहिलं आहे हे अजून कुणी विचारलेलं नाही. पुढच्या खेपेला मी आधी ते विचारणार आहे.